पाटावर बसलं की शेरवानी ओढते, हात उचलला की कोट वर चढतो: लग्नाच्या पुरुषी कपड्यांच्या नेहमीच्या तक्रारी

दुकानाच्या आरशात झकास दिसलेली शेरवानी मांडवात नवरदेवाचा जीव नकोसा करते, ही तक्रार दर लग्नसराईत ऐकू येते. खापर शिंप्यावर फुटतं, पण बऱ्याचदा चूक निवडीतच झालेली असते. ट्रायल होते ती उभ्याने, हात खाली सोडून, पोट किंचित आत ओढून आणि एसीत. लग्नात मात्र नवरा दीड-दोन तास पाटावर मांडी घालून बसतो, आहुती द्यायला पुढे झुकतो, हार घालायला हात वर नेतो, दिसेल त्या वडीलधाऱ्याच्या पाया पडतो. हे सगळं मे महिन्यात, होमाच्या शेजारी. कपडा घेताना यातलं काहीच तपासलेलं नसतं.

म्हणून आधी ट्रायलचं बोलू. त्या दिवशी घालणार तेच बनियन, तोच शर्ट किंवा कुर्ता आणि तेच बूट घालून दुकानात जा. सगळी बटणं लावून जमिनीवर मांडी घाला आणि निदान पाच मिनिटं तसेच बसा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. मग दोन्ही हात समोरच्याच्या गळ्यात हार घालायच्या उंचीपर्यंत न्या. वाकून जमिनीला हात लावा. वरातीत घोडा असेल तर एक पाय उंच टाकून पाहा. वसई किंवा गोव्यात चर्चमध्ये लग्न असेल तर गुडघे टेकून बसून पाहा, कारण मिसाच्या वेळी तेच करायचं आहे आणि अरुंद पँट नेमकी तिथेच दगा देते. या पाच हालचालींत जो कपडा अडतो तो लग्नात अडणारच, ‘घालून घालून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका.

मांडी घातली की बटणं ताणतात, पुढचे पल्ले फाकतात

बसल्यावर पोट आणि सीट पसरते. उभ्याने घेतलेलं सीटचं माप मांडी घातल्यावर सहज दोन-तीन इंचांनी वाढतं. छातीत फिट बसणारी सरळ कापाची शेरवानी खाली तेवढा वाव देत नाही, म्हणून सगळा ताण पोटावरच्या दोन बटणांवर येतो.

नवीन शिवत असाल तर माप घेताना बसूनही सीट मोजायला सांगा. अंगाच्या मापापेक्षा छातीत साधारण 4 इंच आणि सीटमध्ये 4 ते 5 इंच सैल असेल तर बसता येतं आणि पोत्यासारखंही दिसत नाही. बाजूचे कट कुठून सुरू होतात तेही पाहा. ते मांडीच्या मध्यापासून सुरू होत असतील तर बसल्यावर कापड गोळा होणार. कट कमरेच्या हाडाच्या जरा खालीच सुरू झाले पाहिजेत. बटणं कमरेपर्यंतच खरी ठेवायची, त्याखाली पल्ले मोकळे.

तयार शेरवानी असेल तर आतून बाजूच्या शिवणी चाचपून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते पाहा. दोन्ही बाजूंना प्रत्येकी पाऊण इंच माया असेल तर पुढची-मागची मिळून दोन इंचांपर्यंत सैल करता येतं. पण बाहेरच्या बाजूला भरतकाम थेट शिवणीपर्यंत गेलेलं असेल तर माया असूनही उपयोग नाही, कारण उसवल्यावर मध्ये कोरी पट्टी दिसते. अशा वेळी कट दीड-दोन इंच वर उघडून घेणं हाच स्वस्त उपाय.

चुडीदार गुडघ्यावर किंवा बैठकीत टरकते त्याचं कारण वेगळं. चुडीदार तिरप्या कापडात कापली तरच ताणली जाते. कापड वाचवायला सरळ कापलेली चुडीदार मांडी घालताच फाटते. कापड दोन्ही हातांत धरून गुडघ्याजवळ आडवं ओढून पाहा, जरासुद्धा ताणलं जात नसेल तर घेऊ नका. लायक्रा असलेली तयार चुडीदार चालते, दिसायला थोडी डावी एवढंच.

आणि केळवणं. लग्नाआधीच्या महिन्यात दर दोन दिवसांनी कुणाकडे तरी श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळी असते, त्यामुळे दोन महिने आधी घेतलेलं कमरेचं माप लग्नाच्या दिवशी खरं राहत नाही. कापड आणि शिंपी दोन महिने आधी ठरवा, कच्च्या शिलाईची ट्रायल तीन आठवडे आधी घ्या, पण कंबर आणि सीट शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत पक्की करा. पँटच्या मागच्या शिवणीत निदान दीड इंच माया ठेवायला सांगा. चांगला शिंपी न सांगताच ठेवतो.

परदेशातून आठ दिवसांच्या रजेवर येणाऱ्या नवरदेवाने अंगाची मापं फोनवर कळवण्यात अर्थ नाही, मोजणारा प्रत्येक जण टेप वेगळी धरतो. नीट बसणारा एखादा कोट किंवा कुर्ता टेबलावर सपाट पसरून त्याचीच मापं आणि फोटो पाठवावेत: खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, काखेखाली छाती, बाही, मागची उंची. शिवाय समोरून, बाजूने आणि पाठमोरा असे अंगाचे तीन फोटो, म्हणजे खांद्याचा उतार आणि पाठीचा बाक शिंप्याला कळतो.

हात वर नेला की अख्खा कोट वर चढतो

इथे एक उलटा समज आहे. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती काखेभोवतीची गोलाई, मोठा असला की हात मोकळा, असं वाटतं. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली उतरलेला, तितकी बाही कोटाच्या अंगाला जास्त खालून जोडलेली, म्हणून हात उचलताच बाहीबरोबर पूर्ण कोट उचलला जातो. मुंढा काखेच्या जवळ, पण न टोचणारा असेल तर हात हलतो आणि कोट जागेवर राहतो.

मोठा मुंढा नंतर लहान होत नाही, कारण ते कापड कापून गेलेलं असतं. तयार कोटात हा दोष दिसला तर तो परत ठेवा. लहान मुंढा मात्र अर्धा इंच खोल करता येतो, म्हणून शंका असेल तेव्हा लहान बरा. शेरवानी किंवा कुर्त्यात शेवटचा उपाय म्हणून काखेत त्याच कापडाचा चौकोनी तुकडा जोडतात. हात खाली असताना तो दिसत नाही.

कोटाची कॉलर मानेपासून सुटते

फोटोत सगळ्यात जास्त खटकणारा दोष हाच, आणि समोरच्या आरशात तो दिसत नाही. बाजूने आणि मागून फोटो काढायला सांगा.

शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांच्यामध्ये फट पडत असेल तर बहुधा कोटाची पाठ तुमच्या पाठीला अपुरी पडते आहे. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांची मान पुढे आणि पाठ गोल असते, तयार कोट मात्र सरळ पाठीवर बेतलेला असतो. खांद्याच्या शिवणी उसवून, मागचा भाग वर घेऊन कॉलर पुन्हा बसवावी लागते. माया असेल तरच जमतं आणि खर्चही बराच येतो. तयार कोट असेल तर दुसऱ्या ब्रँडचा बेत घालून पाहिलेला बरा.

कॉलरच्या लगेच खाली मानेवर आडवी वळी पडत असेल तर उलट: तिथे कापड जास्त आहे. ताठ पाठ किंवा चौकोनी खांदे असणाऱ्यांना हे होतं. कॉलर उसवून मागचं पाव ते अर्धा इंच कापड काढून ती खाली बसवली की काम झालं. कोट शिवणारा कुठलाही जाणकार शिंपी हे करतो, फक्त शर्ट शिवणाऱ्याकडे देऊ नका.

ट्रायलला फौजी पवित्र्यात उभं राहू नका. नेहमी उभे राहता तसेच राहा, नाहीतर शिंपी ज्या माणसाचं माप घेईल तो लग्नाला येणारच नाही.

खांदा हे एकच माप असं आहे की ते चुकलं तर पुढचं सगळं फुकट. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. पुढे लोंबत असेल तर बाहीच्या वरच्या भागात खळगा दिसतो, आत असेल तर दंडाचा फुगवटा बाहेर येतो. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही, पॅड, अस्तर सगळं सुटं करायचं. म्हणून तयार कोट निवडताना आधी खांदा, मग छाती. कंबर इंचभर आत-बाहेर होते, बाही इंचभर कमी-जास्त होते (मनगटाची काजं खरी कापलेली नसतील तर). कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या पडत असतील तर कोट घट्ट आहे. सर्वात खालचं बटण लावायचंच नसतं.

बंदगळ्यात गळा आवळतो

जोधपुरी शिवताना गळ्याचं माप उघड्या मानेवर घेतात आणि लग्नात आत कॉलरवाला शर्ट घालतात. दोन कॉलरी एकावर एक आल्या की हुक लागत नाही, लागला तर मान वळत नाही. आत उभ्या पट्टीचा किंवा बिनकॉलरचा शर्ट घाला आणि तो घालूनच माप द्या. हुक लावल्यावर कॉलरच्या आत दोन बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. कॉलरची उंची दीड इंचाच्या आसपास ठेवतात. आखूड मानेच्या माणसाला सव्वा इंचच बरी, नाहीतर हनुवटी टेकते आणि खाली पाहताना गळ्याला बकरमची, म्हणजे कॉलरमधल्या ताठ कापडाची, धार घासते.

तयार जोधपुरीचा गळा घट्ट असेल तर हुक आणि आकडा पाव इंच सरकवून मिळतो, त्यापुढे नाही. कॉलरच्या आतून सुती पट्टी टाचून घ्या. घाम ती टिपते आणि नंतर तेवढीच काढून धुता येते. जरदोसीच्या शेरवानीत ही पट्टी गळ्याला आणि दोन्ही मनगटांना हवीच, नाहीतर तार टोचून कातडी लाल होते.

कोटाच्या छातीवर फोड आल्यासारखं दिसतं

बहुतेक तयार आणि भाड्याच्या कोटांत पुढच्या भागाला आतून फ्यूजिंग, म्हणजे ताठपणा देणारं गोंदाचं अस्तर, चिकटवलेलं असतं. वाफ, जास्त गरम इस्त्री, दमट हवा किंवा वाईट ड्रायक्लीनिंग यांनी तो गोंद जागोजागी सुटतो आणि कापड फुगतं. एकदा सुटलेलं फ्यूजिंग घरी इस्त्री फिरवून नीट चिकटत नाही, कडेला नवे फोड येतात.

भाड्याचा कोट घेताना तो उजेडात तिरपा धरून छाती आणि लॅपेल (कॉलरखाली छातीवर उलटलेला भाग) पाहा. विकत घेताना खालच्या काजाच्या जरा खाली पुढचं आणि आतलं कापड चिमटीत धरून वेगळं ओढा. मध्ये तिसरा सुटा थर जाणवला तर कॅनव्हास आहे, तो टिकतो. दोनच जाड थर जाणवले तर फ्यूजिंग. फ्यूजिंग वाईटच असं नाही, पण त्यावर हँगरला टांगून दाबून वाफ मारू नका. सुती कापड वर ठेवून मध्यम गरम इस्त्री दाबा आणि उचला, घासू नका. काळ्या-निळ्या कोटावर कोपर आणि खिशापाशी जी चकाकी येते ती थेट इस्त्री घासल्यामुळेच.

घामाने जीव जातो

‘सुपर 120’ म्हणजे पातळ, थंड कापड अशी समजूत आहे. तो आकडा लोकरीच्या तंतूची बारीकी सांगतो: सुपर 100 ला तंतू सरासरी 18.75 मायक्रॉनपर्यंत, सुपर 120 ला 17.75 पर्यंत. कापड जाड की विरळ, याच्याशी त्याचा संबंध नाही, उलट बारीक तंतूच्या कापडाला चुण्या लवकर पडतात. उन्हाळ्यासाठी विचारायचं ते वजन आणि वीण: मीटरला 240 ते 270 ग्रॅमच्या आसपास, साधी मोकळी वीण, ज्याला दुकानात ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हवा लागली तर ठीक.

खरा गुन्हेगार मात्र अस्तर असतं. महाग लोकर घेऊन आत पॉलिस्टरचं अस्तर लावलं की कोटाचा रेनकोट होतो. व्हिस्कोजचं अस्तर मागा आणि पाठीला अर्धंच लावायला सांगा. दोन कपड्यांच्या सूटला 58 इंच पन्ह्याचं साधारण सव्वातीन मीटर कापड लागतं, अस्तराचा फरक त्या किमतीपुढे किरकोळ आहे. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये मखमल घेऊच नये. हौस फिटत नसेल तर ती रात्रीच्या स्वागत समारंभासाठी आणि एसी हॉल असेल तरच. मखमलीचे सगळे भाग एकाच दिशेने कापलेत का तेही पाहा. लव उलटसुलट असेल तर एक बाही गडद आणि एक फिकी दिसते.

सोवळं सुटेल ही धास्ती

रेशमी सोवळं गुळगुळीत बनियनवर आणि कातडीवर सरकतं. आत सुती अर्धी चड्डी घाला आणि पहिली गाठ मारल्यावर कमरेला सुती पट्टी बांधून त्यावर निऱ्या खोचा. कापडाला कापडाची पकड मिळते. कासोटा खोचण्याआधी एकदा उकिडवं बसून उठा, तेवढी ढील त्यात ठेवायची असते. बारीक माणसाला 8 हात धोतर पुरतं. कंबर 40 इंचांच्या पुढे असेल तर 9 हात, म्हणजे सव्वाचार मीटरच्या जरा आत, घ्यावं, नाहीतर निऱ्या तीनच पडतात. शिवलेलं सोवळं सोपं, पण फक्त वेल्क्रोवर भरवसा नको, मांडी घालताना तो करकरत उघडतो. नाडी आणि हुक दोन्ही असलेलं घ्या.

इथे एका बाबतीत तडजोड नाही. ‘आर्ट सिल्क’ नावाने मिळणारी पुष्कळ सोवळी पॉलिस्टरची असतात. होमाची ठिणगी रेशमावर पडली तर बारीक भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. कडेचा धागा काढून जाळून पाहा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटाने चुरडते. पॉलिस्टरचा टणक मणी होतो. लाह्यांचा होम करणाऱ्याने रेशीम किंवा सुतीच नेसावं.

उपरण्याची लांबीही विसरली जाते. दुकानातल्या सेटमध्ये दिसायला छान पण आखूड स्टोल देतात. सप्तपदीला त्याची नवरीच्या शेल्याशी गाठ मारली की दोघांना खांद्याला खांदा घासत चालावं लागतं. उपरणं निदान अडीच मीटर हवं.

पैठणीचं जाकीट पाठीवर उसवतं

नवरीच्या शालूला जुळणारं पैठणीचं जाकीट हल्ली प्रत्येक दुसऱ्या लग्नात दिसतं आणि खांद्यामागे उसवतंही. शिवण तुटलेली नसते. रेशमाचे गुळगुळीत धागे ताणामुळे शिवणीपासून सरकतात आणि जाळी पडते. त्याच टिपेवर पुन्हा टीप मारली की जाळी वाढते. उपाय कापण्याआधीचा आहे: मागून पातळ मलमल किंवा हलकं फ्यूजिंग लावून मगच बेतायचं, माया इंचभर ठेवायची आणि पाठ अंगापेक्षा सैल. पाठीला वेगळं साधं रेशमी कापड लावलं तर पैठणीही कमी लागते. जाळी पडलीच असेल तर आतून कापडाची पट्टी लावून शिवण पाव इंच आत घ्यावी. छत्रपती संभाजीनगरचं हिमरू सूत आणि रेशमाचं मिश्र असल्याने शेरवानीला त्या मानाने सोसतं, तरी अस्तराशिवाय तेही शिवू नये. आजीच्या पैठणीतून जाकीट करायचं असेल तर जुन्या घड्यांच्या रेघा टाळून कापा, जरीची तार तिथेच तुटते.

फेटा: डोकं दुखतं किंवा घसरतो

तयार फेट्याचं माप कानांच्या वर, कपाळाच्या मध्यावरून इंचांत घ्या, मुंडावळ्या बांधून. घट्ट फेटा दहा मिनिटं छान वाटतो आणि अर्ध्या तासाने कपाळ ठणकायला लागतं, म्हणून दुकानात निदान वीस मिनिटं घालून फिरा. सैल असेल तर आत फोमची पट्टी लावता येते, घट्ट असेल तर काही करता येत नाही. बांधून घ्यायचा असेल तर सात-आठ मीटर सुती कापड हलकी खळ करून आणा. सिंथेटिक कापडाचा तुरा उभा राहतो, पण वेढे घामाने घसरतात.

बूट-मोजडीचं थोडक्यात: कोल्हापुरी किंवा मोजडी पंधरा दिवस आधी आणून घरात रोज अर्धा तास वापरा, चावते तिथे आतून एरंडेलाचा हात लावा. भिजवू नका.

रंग जुळवताना कापड दुकानाच्या दारात, उन्हाच्या उजेडात न्या. दिव्याखाली जुळलेले दोन मोतिया रंग बाहेर एक पिवळट, एक करडा निघतो. गडद लाल किंवा मरून जाकीट पांढऱ्या कुर्त्यावर घालायचं असेल तर ओलं पांढरं फडकं आतल्या शिवणीवर घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर घामानेही लागेल.

डाग

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि लोक घाबरून ब्लीच ओततात, त्याने रेशीम खराब होतं. साबणातल्या अल्कलीमुळे हळद लाल होते, एवढंच. सुती कुर्ता धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीन उन्हं लागतील. कुंकू कोरडंच झटका, ओलं बोट लावलंत की रंग मुरला. होमातलं तूप सांडलं तर टाल्कम पावडर दाबून ठेवा आणि तासाभराने झाडा. अत्तर कपडे घालण्याआधी अंगाला लावायचं, जरीवर फवारा मारला की ती काळवंडते.

लग्न झाल्यावर कपडे दोन-तीन दिवसांत ड्रायक्लीनला द्या आणि कुठे काय सांडलं ते तोंडाने सांगा. सरबताचा साखरेचा डाग वाळल्यावर दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी होऊन वर येतो आणि मग निघत नाही. परत आल्यावर प्लॅस्टिकची पिशवी फेकून मलमलीत गुंडाळा. जड भरतकामाची शेरवानी हँगरला टांगून ठेवली तर खांदे ओघळतात, ती आडवी ठेवायची आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची.